घार पिल्लासमोर एकटीच खात बसते तेव्हा

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय: "आमच्या सोसायटीतल्या निलगिरीवर घारीचं घरटं आहे. दोन पिल्लं आहेत. त्यातलं एक गेले चार दिवस आमच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बसतं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडतं. आई-बाप येतात, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर बसतात, पण त्याला भरवत नाहीत. काल तर आई त्याच्यासमोर एकटीच खात बसली होती. तिने याला टाकलं का? आम्ही चिकनचे तुकडे ठेवू का? आणि हे स्वतःचं स्वतः कधी खायला लागेल?"

ताई, आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे आज रात्री शांत झोपाल. तुमच्या वर्णनावरून तरी हे पिल्लू टाकलेलं नाही. टाकलेल्या पिल्लासमोर आई रोज येऊन बसत नाही. ती त्याच्यासमोर खात बसली, हे वाचून तर मला बरंच वाटलं. का, ते खाली सविस्तर लिहितो.

मी पुण्यात एकवीस वर्षं जखमी पक्ष्यांवर उपचार करतोय. त्यात शिकारी पक्षी भरपूर, आणि शिकारी पक्ष्यांत सगळ्यात जास्त घारी. मार्च लागला की फोन सुरू होतात ते पाऊस पडेपर्यंत. खोका उघडून पाहावं तर आतल्या पिल्लाचे पंख नीट, पाय नीट, डोळे लख्ख, छाती भरलेली. त्याला काहीही झालेलं नसतं. ते आपल्या वयाला साजेसं वागत होतं आणि कुणीतरी कळवळून त्याला उचलून आणलेलं असतं. अशी पिल्लं त्याच झाडाखाली परत नेऊन पोचवणं, यात माझा निम्मा उन्हाळा जातो.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळ्या टोकाने धरतो. आई भरवते की नाही हे नंतर पाहू. आधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पिल्लू कठड्यावर स्वतः उडत आलं, की खाली पडलं होतं आणि कुणी उचलून वर ठेवलं? कठड्यावरून उठून ते दुसरीकडे जाऊन बसू शकतं का? आणि दिवसभरात त्याच्या पोटात काही जातं का? तिसरी गोष्ट लांबूनच कळते. मोबाइलने झूम करून समोरून फोटो काढा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. शिकारी पक्ष्याने खाल्लेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, त्यामुळे पोट भरलेल्या पिल्लाच्या छातीच्या वरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा दिसतो. दिवसातून एकदा जरी तो दिसला, तरी तुमच्या नकळत कुणीतरी भरवतंय. घार फार पटकन देऊन जाते. तुम्ही चहा टाकायला आत गेलात तेवढ्यात झालेलं असतं.

आता घरट्यातून बाहेर पडण्याबद्दल. आपल्याकडे घारीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी घरटं सोडतं. पण नीट उडता येण्याच्या बरंच आधी ते घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झाडायला लागतं. तुम्ही पाहिलं असेल, अक्षरशः अर्धा-अर्धा मिनिट जागच्या जागी पंख मारतात आणि मग दमून बसतात. मग शेजारच्या फांदीवर उडी, परत घरट्यात. या वयात पिल्लाचं वजन जवळजवळ आई-बापाएवढं झालेलं असतं. पिसं मात्र अजून वाढत असतात आणि वाढत्या पिसांच्या नळ्यांमध्ये रक्त खेळत असतं. म्हणजे शरीर मोठं आणि पंख अपुरे, असे काही दिवस जातात. बहुतेक अपघात याच दिवसांत होतात. वारा आला, फांदी हलली, कावळ्यांनी टोचलं की पिल्लू खाली. तुमचं पिल्लू निलगिरीवरून गच्चीवर स्वतः आलं असेल, तर सगळ्यात अवघड टप्पा त्याने ओलांडलाय.

पहिल्यांदा उडाल्यावर ते लगेच मोकळं होत नाही. पुढचे काही आठवडे घरटं हेच त्याचं ताट आणि हेच अंथरूण. दिवसभर आसपास बसायचं आणि आई काही घेऊन आली की घरट्याकडे धाव. पहिल्या आठवड्यात आई-बाप अगदी मनापासून भरवतात. मग हळूहळू खाणं घरट्यात न येता जवळच्या फांदीवर येऊ लागतं, नंतर शेजारच्या झाडावर, नंतर टाकीवर. फेऱ्याही कमी होतात.

दोन वर्षांपूर्वी कोथरूडला एका इमारतीच्या गच्चीवर मी तीन सकाळी बसून होतो, कारण तिथल्या लोकांचा तुमच्यासारखाच फोन आला होता. पिल्लू कठड्यावर, टाकी तीसेक फुटांवर. घार आली, पंजात कोंबडीचं कातडं, बहुधा बाजारामागच्या कचऱ्यातून उचललेलं. (आई की बाप, हे मी छातीठोक सांगणार नाही. मादी किंचित मोठी असते, पण दोघं एकत्र दिसल्याशिवाय ओळखणं अवघड.) ती टाकीच्या कडेवर बसली, कातडं पंज्याखाली दाबलं आणि एक-एक लचका तोडून सावकाश खाऊ लागली. इकडे पिल्लाने आकांत मांडला. मान खाली, पंख अर्धे उघडे, थरथरत एकसारखी शीळ. घार मान वर करून त्याच्याकडे बघे आणि पुन्हा खाली वाके. अकरा मिनिटं हे चाललं. मग पिल्लू उडालं. वारा पाठीवर घेऊन उतरायला गेलं, म्हणून टाकीवरून घसरून खाली गेलं, वळसा घालून पुन्हा आलं आणि या खेपेला वाऱ्याला तोंड देऊन कसंबसं टेकलं. घारीने लगेच पाय उचलला. उरलेलं कातडं त्याच्यासमोर टाकून ती निघून गेली. तिसऱ्या सकाळी त्याच पिल्लाला टाकीवर पोचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि ते पहिल्या खेपेलाच वाऱ्याकडे तोंड करून उतरलं.

तुमच्या समोर चाललंय ते हेच. भूक त्याला कठड्यावरून उठवते. ओरडून मिळत नाही, उडून गेलं तर मिळतं, एवढं त्याला कळलं की पुढचं आपोआप होत जातं. खाणं थोडं लांब, थोडं उशिरा आणि थोडं कमी, असं करत करत पिल्लू घरट्यापासून सुटतं. ढकलून कुणी देत नाही. काही मोठ्या गरुडांत शेवटी आई-बाप पिल्लावर झेपावून त्याला हद्दीबाहेर काढतात, पण घारींत तसं मी स्वतः क्वचितच पाहिलंय. घारींत बहुतेक वेळा पिल्लूच एक दिवस परत येत नाही.

इथे त्या व्हॉट्सॲपवरच्या गरुडाबद्दल बोलायलाच हवं, कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी मला तो संदेश पाठवतं. गरुडीण घरट्यातलं मऊ अस्तर काढून काटे उघडे करते, पिल्लाला पाठीवर घेऊन उंच जाते आणि वरून सोडून देते, मग त्याला उडता येतं, वगैरे. यातलं काहीही खरं नाही. कुठलाही शिकारी पक्षी पिल्लाला उंचावरून सोडत नाही. हे आवर्जून सांगतो, कारण हा संदेश वाचून एका मुलाने घारीचं पिल्लू तिसऱ्या मजल्यावरून "उडायला शिकवण्यासाठी" सोडलं होतं. ते माझ्याकडे आलं तेव्हा दोन्ही पाय मोडले होते. मुलगा वाईट नव्हता. रडत होता.

मग शिकार कोण शिकवतं? याचं उत्तर ससाण्यांकडून फार स्वच्छ मिळालंय. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन पूर्व अमेरिकेतून बहिरी ससाणा नाहीसा झाला होता. १९७० साली कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड या पक्षीशास्त्रज्ञांनी बंदिस्त जागेत ससाणे वाढवायचं काम सुरू केलं. उडण्याच्या वयाला आलेली पिल्लं ते उंच कड्यावर किंवा मनोऱ्यावर पेटीत ठेवत, काही दिवसांनी पेटी उघडत आणि रोज तिथेच खाणं ठेवत. आई-बाप नाहीत, शिकवणारं कुणी नाही. पिल्लं उडू लागत, एकमेकांच्या मागे लागत, पानांवर आणि किड्यांवर झेपा घेत, भूक लागली की पेटीशी परत येत. काही आठवड्यांत त्यांचं पेटीकडे येणं कमी होई आणि मग थांबे. अशी चार हजारांहून जास्त पिल्लं तिथे सोडली गेली आणि १९९९ साली बहिरी ससाण्याचं नाव तिथल्या संकटग्रस्त यादीतून निघालं.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. झेप घेण्याची ओढ पिल्लाच्या अंगातच असते, त्याला हवा असतो तो सरावाला वेळ आणि तोवर पोटाला आधार. आई-बाप पुरवतात ते हेच. आणि दुसरं म्हणजे, ती माणसं लपून खाणं ठेवत. पिल्लांना माणूस दिसू नये, खाणं आणि माणूस यांची सांगड त्यांच्या डोक्यात बसू नये म्हणून नळीतून आत सारत. तुमच्या चिकनच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

चिकन ठेवू नका. मला माहीत आहे, ते ओरडणं ऐकवत नाही. मलाही एकेकाळी ऐकवलं नव्हतं. कामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे घारीचं एक पिल्लू आलं, जेमतेम चार आठवड्यांचं. घरटं शोधून परत ठेवायची खटपट मी केली नाही, कारण मला ते वाढवायचं होतं. हाताने भरवलं, बोललो त्याच्याशी. दोन महिन्यांनी ते सुंदर उडत होतं. सोडलं, तर तिसऱ्या दिवशी ते जवळच्या चहाच्या टपरीवर उतरलं आणि माणसांच्या हातांवर झेपावू लागलं, कारण खाणं माणसाच्या हातात असतं हेच त्याला माझ्याकडून कळलं होतं. एका माणसाच्या कानाला नख लागलं. दुसऱ्या दिवशी ते दगड लागून मेलेलं सापडलं. त्या घारीचा जीव मी घेतला, असं मी आजही मानतो. म्हणून हा सल्ला इतका आग्रहाने देतोय.

तुमचं पिल्लू त्याहून मोठं आहे, आई-बापांना ओळखतं, त्यामुळे ते माणसाला आई समजणार नाही. पण कठड्यावर आयतं मिळू लागलं तर टाकीपर्यंत उडायची गरज संपते, आणि सरावाचे हे मोजके दिवस बसून जातात. नुसतं बोनलेस चिकन सतत खाल्लं तर कॅल्शियमही मिळत नाही. वाढत्या पिल्लाची हाडं त्याने मऊ पडतात, वाकतात. मसाल्याचं, शिजवलेलं, दूध-पाव हे तर अजिबात नको. पाणी चोचीत ओतू नका. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुफ्फुसात जातं आणि पिल्लू दगावतं. फारच वाटलं तर उन्हाच्या दिवसांत गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक पसरट परात पाणी भरून ठेवा आणि लांब व्हा.

आता हात कधी घालायचा. पंख एका बाजूला लोंबतोय, रक्त आहे, माश्या बसतायत, डोळे मिटून मान टाकली आहे, एका पायावर भार देत नाही, किंवा कुत्र्या-मांजराने धरलं होतं, तर वाट पाहू नका. जाड टॉवेल अंगावर टाकून दोन्ही पंख मिटवून धरा. भीती चोचीची नसते, पंज्याची असते. पाय आधी आवरा. हवेला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड घालून, अंधारात ठेवा. तारेच्या पिंजऱ्यात नको. त्यात आपटून पिसं मोडतात, आणि मोडलेलं पीस पुढची पिसं झडून नवी येईपर्यंत तसंच राहतं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. प्रेमापोटीसुद्धा घरात ठेवता येत नाही.

जखम नाही पण पिल्लू उडू न शकता जमिनीवर आहे, अशी मधली परिस्थिती असेल तर ते झाडावर परत ठेवणं हाच उपाय. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हा समज चुकीचा आहे. मी शेकडो पिल्लं परत ठेवली आहेत. घरट्यापर्यंत पोचता येत नसेल तर बांबूची टोपली घ्या, तळाला पाणी जायला जागा असू द्या, आत काटक्या पसरा आणि त्याच झाडावर, नाहीतर शेजारच्या झाडावर, सावली मिळेल अशी घट्ट बांधा. आई पिल्लाच्या ओरडण्याकडे येते, घरट्याच्या काटक्यांकडे नाही. बांधताना हेल्मेट घाला, दोघंही डोक्यावर झेपा घेतील. मग पूर्ण दिवस लांबून बघा. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही तरच पुढचा विचार.

हे सगळं घारीबद्दल झालं. शिक्रा असता तर मुदत कमी सांगितली असती, तो लहान पक्षी, लवकर सुटतो. मोठ्या गरुडांची पिल्लं महिनोन् महिने आई-बापांच्या हद्दीत राहतात. दक्षिण अमेरिकेतल्या हार्पी गरुडाचं पिल्लू इतका काळ अवलंबून असतं की ती जोडी दरवर्षी अंडी घालूच शकत नाही. शिकार जितकी अवघड आणि शरीर जितकं मोठं, तितकी उमेदवारी लांब. घारीचं त्या मानाने सोपं. उंदीर, मेलेलं जनावर, मासळीबाजाराचा कचरा, दुसऱ्या घारीच्या पंजातला तुकडा, काहीही चालतं. माझ्या नोंदींत पहिल्या उड्डाणानंतर बहुतेक पिल्लं तीन ते सहा आठवड्यांत दिसेनाशी झाली आहेत. एकटं पिल्लू असलं की जास्त दिवस रेंगाळतं, खाणं मुबलक असलेल्या भागातही तसंच. म्हणून तुमच्याकडे नेमके किती दिवस, हे मी सांगू शकत नाही, पण काय काय दिसेल ते सांगतो. आधी ते उन्हं चढल्यावर, दहाच्या सुमारास, गरम हवेवर पंख न हलवता गोल फिरायला लागेल. मग वाळलेलं पान किंवा चिंधी पंजात उचलून वर नेईल, सोडेल, खाली सूर मारून पुन्हा पकडेल. हे दिसलं तर मला नक्की कळवा, मला अजूनही त्याचं फार अप्रूप वाटतं. मग ओरडणं फक्त सकाळ-संध्याकाळवर येईल. मग एके दिवशी कठडा रिकामा असेल. त्याच्या अंगावर फिकट ठिपके आहेत, शेपटीची खाच आई-बापांइतकी खोल नाही, त्यावरून पुढचे काही महिने ते बाजारामागच्या थव्यात ओळखताही येईल.

एवढं सगळं होऊनही ते जगेलच असं मी म्हणणार नाही. शिकारी पक्ष्यांत पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त पिल्लं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यातलं आपल्या हातात असतं ते थोडंच, पण शहरात ते थोडंही बरंच असतं. नायलॉन मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी संक्रांतीला अडकलेला मांजा मे महिन्यातही झाडांवर आणि केबलवर लोंबत असतो, कारण तो कुजतच नाही. नवखं पिल्लू वळण चुकतं आणि त्यातच अडकतं. माझ्याकडे येणाऱ्या पंख कापलेल्या घारींत या वयाची पिल्लं फार असतात.

तुमचं दुसरं पिल्लू अजून घरट्यात आहे, म्हणजे तेही आठवड्याभरात याच गच्चीकडे झेप घेईल. तेवढ्यात सोसायटीतल्या दोघा-तिघांना घेऊन गच्ची, टाकी, डिशच्या छत्र्या आणि केबल यांवरचा मांजा काढून टाका. निलगिरीला मात्र हात लावू नका, घरट्याजवळ गेलात तर ते घाबरून अवेळी उडी मारेल. आणि सेक्रेटरींना आजच सांगून ठेवा, की पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी त्या झाडापुरती जूनपर्यंत थांबवायची.